थोरांचा शब्द आणि आकड्यांची गवाही

जे आपल्याला स्वतः पडताळता येत नाही, त्यावर कोणाच्या शब्दाखातर विश्वास ठेवावा? हा प्रश्न केवळ कोर्टकचेरीचा नाही. गणितासारख्या रोखठोक विद्येतही तो उभा राहतो.

एक आणि ती स्वतः, यांखेरीज जिला कशानेही पूर्ण भाग जात नाही ती मूळ संख्या, हे आपण शाळेत शिकलो. ३१ ची परीक्षा लहान मूलही घेईल. संख्या वीस-एकवीस अंकी झाली की मात्र भले भले हात टेकतात. फ्रान्समधील ख्रिस्ती धर्मगुरू मर्सेन यांनी १६४४ साली एक यादी दिली. २ चा अमुक घात घ्यावा, त्यातून १ वजा करावा, की मूळ संख्या मिळते, असे ते घात. यादीत ६७ होता. म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही संख्या मूळ! एवढ्या मोठ्या संख्येची परीक्षा घ्यायला सारा काळही अपुरा पडेल, असे मर्सेन यांनीच लिहून ठेवले होते. तरीही यादी दोनशेहून अधिक वर्षे त्यांच्या नावावर चालली.

१८७६ मध्ये फ्रेंच गणिती ल्युका यांनी दाखवून दिले, की ही संख्या मूळ नाही. पण तिचे अवयव त्यांना सापडले नव्हते. ते १९०३ मध्ये अमेरिकेच्या फ्रँक कोल यांनी मांडले : १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. हे अवयव शोधायला त्यांना तीन वर्षांचे रविवार लागले, असे सांगतात. मात्र एकदा सापडल्यावर त्यांचा गुणाकार कोणीही करून पाहावा. तिथे कोल यांच्या मोठेपणाची गरज उरत नाही.

पुढे त्या यादीतला २५७ ही चुकीचा ठरला. ६१, ८९ आणि १०७ राहून गेल्याचे कळले. तरी अशा संख्यांना आजही मर्सेन यांचेच नाव आहे. चूक दाखवल्याने थोरांची इज्जत गेली नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अशीच एक प्रचंड मूळ संख्या सापडली : २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. ती हाताने तपासणे कोणाही माणसाला शक्य नाही; इथे विश्वास ठेवावाच लागतो. पण ज्यांना ती सापडली त्यांनी 'आम्ही सांगतो म्हणून माना' असे म्हटले नाही. वेगवेगळ्या संगणकांवर, वेगवेगळ्या प्रोग्रॅमनी ती पुन्हा तपासली, आणि तपासण्याची रीतही सर्वांना खुली आहे.

विश्वासाशिवाय माणसाचे चालत नाही. सारे काही स्वतः पारखून घ्यायला एक आयुष्य पुरणार नाही. म्हणून सांगणारा किती थोर, यापेक्षा तो पडताळणीचा दरवाजा उघडा ठेवतो की बंद करतो, हे पाहावे. आपल्याकडे थोरामोठ्यांना 'कशावरून?' असे विचारणे बेअदबी समजली जाते. घरातल्या एखाद्या मुलीने तसे विचारलेच, तर तिला गप्प बसवण्याआधी त्या दोन अवयवांची आठवण व्हावी.