उतारवयाचं गाव

म्हातारपणी मुक्काम हलवावा, ही कल्पना आपल्याकडे जुनीच. वानप्रस्थात ती आहे, काशीवासातही आहे. पण तेव्हा माणूस संसार मागे टाकायला निघे. नव्या जागी खर्च किती येईल आणि हवा मानवेल का, हा हिशेब त्यात नव्हता.

तो हिशेब पेन्शनीबरोबर आला. इंग्रजी अमलात सरकारी नोकराला घरबसल्या दरमहा पैसे मिळू लागले आणि कुठे राहायचं हे त्याच्या मर्जीवर आलं. पुणं पेन्शनरांचं शहर म्हणून ओळखलं गेलं ते यातूनच. शिकायला घाट चढलेले कितीतरी कोकणी लोक निवृत्तीनंतर तिथेच राहिले, खाली उतरले नाहीत.

गिरणीतल्या चाकरमान्याची गोष्ट वेगळी. त्याचं बिऱ्हाड गावी, तो एकटा मुंबईत. परतणं हा त्याच्यापुढे प्रश्नच नव्हता. 1982च्या गिरणी संपाने अनेकांना वेळेआधीच, हातात काही नसताना परत पाठवलं. कोकणात बोर्ली पंचतन, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या मुस्लिम घरांचा रस्ता समुद्रावरून गेला. आधी बोटीवरची नोकरी, आफ्रिका, आणि 1973 नंतर तेलाचे भाव चढले तसं आखात. आखातात नोकरी संपली की व्हिसा संपतो. नागरिकत्व जवळजवळ कुणालाच मिळत नाही. म्हणून तिथे राबणारा माणूस पहिल्या पगारापासून गावातलं घर बांधत असतो. त्या बंद, रंगवलेल्या घरांकडे पाहून श्रीमंतीचा दिखावा म्हणणारे लोक मला अन्यायी वाटतात. म्हातारपणाची दुसरी कुठलीच सोय त्या माणसापाशी नव्हती.

कल्पना खरी पालटली ती इंग्लंड-अमेरिकेत गेलेल्यांमुळे. तिथलं नागरिकत्व मिळालं, मुलं तिथली झाली, आणि परतणं ऐच्छिक झालं. इंग्रज पेन्शनर स्पेनच्या किनाऱ्यावर जाऊन राहतो. थायलंड पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी माणसाला निवृत्तीचा वेगळा व्हिसा देतं, बँकेत आठ लाख बाट दाखवले की झालं. आता आपला माणूसही स्वतःच्या गावाकडे तसाच बघू लागला आहे. ऊन आहे, दिवेआगरचा समुद्र जवळ आहे, पौंडाचे रुपये पुष्कळ होतात, घाई नाही.

यातल्या पैशाच्या बाजूला काही पक्के खाचखळगे आहेत. ब्रिटनचं सरकारी पेन्शन भारतात राहणाऱ्याला मिळतं, पण दरवर्षीची वाढ मिळत नाही. पहिल्या दिवशीचा आकडा गोठतो. अमेरिकेचा मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा इथल्या रुग्णालयाचं बिल भरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर घर घेता येतं, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आली तर गोष्ट निराळी. आणि मोठं दुखणं निघालं की घाटरस्त्याने माणगाव, तिथून पुढे पनवेल किंवा मुंबई.

मला मात्र जास्त खटकतो तो 'घाई नाही' हा शब्द. भरडखोलच्या कोळणीला घाई असते, मासळी उन्हात थांबत नाही. पोफळीवर चढून शिपुटं उतरवणाऱ्याला घाई असते, पावसाआधी सुपारी वाळायला हवी. गाव संथ वाटतं ते ज्याचा पैसा बाहेरून येतो त्याला. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं. पिढ्यांनी वाढवलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. नव्या पोफळीला धरायला साताठ वर्षं जातात. त्या वाड्या पुन्हा उभ्या करायला हात गावातच राहिलेल्यांचे लागले, आणि ते हात दरवर्षी कमी होत आहेत. परतणाऱ्याला जे गाव हवं आहे, ते या हातांनीच टिकलं आहे.

म्हणून परदेशातून बोर्लीकडे, किंवा कोकणातल्या कुठल्याही गावाकडे, परतायचा विचार करणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. पंचाहत्तरीची वाट पाहू नका. पन्नाशी-साठीत या, अंगात बळ आहे तोवर. आपल्या वाटणीची वाडी गड्याच्या भरवशावर न टाकता स्वतः बघा, ग्रामसभेला बसा, शाळेत तास घ्या, रुग्णवाहिकेसाठी तालुक्याला अर्ज करा. आणि पहिल्या पावसाळ्यात पोफळीची रोपं लावा, म्हणजे त्यांची सुपारी तुमच्या हयातीत हाती येईल.