नव्याचे प्रामाण्य

समरकंदच्या उलुगबेगाची १४३७ ची खगोलीय कोष्टके आणि पॅरिसला १७०२ साली छापलेली ला हीरची कोष्टके, दोन्ही दप्तरी असताना जयपूरचा संस्थापक सवाई जयसिंह याने, नवे म्हणून तेच प्रमाण मानण्याची घाई न करता, चंद्राचे गणितागत स्थान प्रत्यक्ष वेधाशी ताडून पाहिले आणि नव्या कोष्टकांत अर्ध्या अंशाची तफावत असल्याचे आपल्या ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या कोष्टकग्रंथात नमूद केले. कंपायलरच्या नव्या आवृत्तीवर जुन्याच चाचण्या पुन्हा चालवून, काल उत्तीर्ण झालेली कोणती आज फसली याची तपासणी करणारे संगणकतज्ज्ञ, कळत-नकळत, ह्याच व्यवहाराचे वारस होत.

ज्ञान प्रमाण केव्हा मानावे, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद आहे. बाधक ज्ञान उपस्थित होईपर्यंत ज्ञान स्वतःच प्रमाण, असे मीमांसक मानतात. नैयायिकांना त्याचे प्रामाण्य बाहेरून सिद्ध व्हावे लागते. माझा कल नैयायिकांकडे आहे. परंतु ज्या अपेक्षित उत्तराशी ताळा घ्यायचा, ते उत्तरच चुकीचे नोंदलेले असेल तर? मग त्याच्याही परीक्षेला दुसरी परीक्षा, आणि अनवस्था अटळ. प्रत्यक्ष वेधही या अडचणीतून सुटत नाही. जयसिंहाने दोष फिरंग्यांच्या लहान यंत्रांवर ठेवला आणि पितळ झिजते म्हणून दगडचुन्याची प्रचंड यंत्रे उभारली. तरीही सूर्य हा बिंदू नसून बिंब असल्यामुळे जयपूरच्या सम्राट यंत्र या प्रचंड छायायंत्रावरील सावलीची कड धूसरच पडते, आणि तिचा मध्य कोठे धरावा याचा निवाडा, दगडावर खुणा कितीही बारीक कोरल्या तरी, पाहणाऱ्याकडेच राहतो.