गुनाह आणि गुन्हा

उर्दू शाळेत मराठीचा तास घेताना मुलांची हमखास गल्लत होते असा एक शब्द आहे, 'गुन्हा'. आमच्या उर्दूत 'गुनाह' म्हणजे पाप, बंदा आणि त्याचा रब यांच्यातला मामला. कायदा मोडला तर त्याला 'जुर्म' म्हणतात. हाच गुनाह फारसीतून मराठीत आला, पोलीस चौकीत जाऊन बसला आणि गुन्हा झाला. दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहून आम्ही कितीतरी वर्षे मुलांना हसवले. पुढे आमच्याच एका विद्यार्थ्यामुळे त्यातले हसू गेले.

मुलगा हुशार होता. दहावीनंतर आयटीआयमध्ये एसी-फ्रीजचे काम शिकला. संध्याकाळी चौघा मित्रांत बसून गांजा ओढतो, हे त्याच्याच वर्गमित्राने आम्हाला सांगितले होते. आम्ही गप्प राहिलो. बोलावे तर बभ्रा होणार, बभ्रा झाला की पोलीस येणार, आणि पोरगा आयुष्यातून उठणार, असा आमचा हिशेब. एका रात्री पोलीस आलेच. सापडली ती काही ग्रॅमची पुडी. कोर्टाबाहेर कोणीतरी सल्ला दिला, कबूल कर, दंड भर, घरी जा. त्याने तसेच केले. दोन वर्षांनी दुबईची नोकरी चालून आली तेव्हा पोलिसांचा दाखला मागितला गेला आणि जुनी नोंद वर आली. तोवर त्याने गांजा सोडलाही होता. व्यसन सुटले, नोंद सुटली नाही.

ज्या कायद्याने हे झाले तो 1985 सालचा, एनडीपीएस या नावाने ओळखला जाणारा. त्याच्या 27व्या कलमाने नुसत्या सेवनालाही शिक्षा आहे. गांजासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हेरॉइन, कोकेनसाठी वर्षापर्यंत. गंमत अशी की त्याच झाडाची पाने या कायद्याच्या व्याख्येतून वगळली आहेत, म्हणून भांग सुटते आणि शेंडे ओढणारा अडकतो. 1893-94 मध्ये खुद्द इंग्रज सरकारने नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने गांजा-भांगेची देशभर चौकशी केली, शेकडो साक्षी घेतल्या आणि सरसकट बंदी नको, कर आणि परवाने यांनी आळा घाला, असे सुचवले. पुढे 1961 चा आंतरराष्ट्रीय करार झाला, भारताने त्यावर सही केली आणि त्या कराराची मुदत सरत असताना हा कायदा आला. नेमक्या त्याच वर्षांत मुंबई-पुण्यात गर्द पसरत होती. गांजा आणि गर्द एकाच चोरट्या बाजारात, बहुधा एकाच खिशात आली. बंदीने हे दोन खिसे वेगळे केले नाहीत, उलट शिवून एक केले, असे आमचे मत आहे.

बंदी कोणावर पडते तेही पाहावे. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने 2017 आणि 2018 मधली मुंबईतली दहा हजारांहून अधिक प्रकरणे तपासली. बहुसंख्य गांजा ओढणारे निघाले. आणि त्यांत भरणा रोजंदारीवाल्यांचा, झोपडपट्टीतल्या आणि फुटपाथवरच्या माणसांचा. बंगल्यात ओढणाऱ्याच्या घरात कोण शिरणार?

दारूच्या बाबतीत हा धडा आपण आधीच शिकायला हवा होता. मुंबईत 1949 चा दारूबंदी कायदा आला आणि हातभट्टीवाल्यांचे राज्य सुरू झाले. पुढे बंदी सैल झाली, पण गरिबाच्या ग्लासात स्वस्त विष राहिलेच. 2015 मध्ये मालवणीत शंभराहून अधिक माणसे विषारी दारूने मेली. ज्या मालावर कोणाची नजर नाही त्यात काय मिसळले आहे, हे पिणाऱ्याला कधीच कळत नाही.

आमचे एक मित्र हे ऐकून चिडले. "मास्तर, हरामची वकिली करता?" मुळीच नाही. नशा हराम आहे, त्यात आम्हाला शंका नाही. पण गीबत हराम आहे, सूद हराम आहे. त्यासाठी आपण पोलीस बोलावत नाही. हजरत उमर यांचा एक किस्सा सांगितला जातो. रात्रीच्या गस्तीत एका घरातून आवाज आला, ते भिंत चढून आत गेले, तर माणूस शराब घेऊन बसलेला. तो म्हणाला, मी एक चूक केली, तुम्ही तीन केल्या. टेहळणी केली, दार सोडून भिंतीवरून आलात आणि परवानगी-सलामाशिवाय घरात शिरलात. खलिफा त्याला सोडून परतले.

मित्राने पुढचा सवाल केला, मदिनेत शराबीला शिक्षा होत नव्हती का? होत होती. हा मुद्दा टाळता येत नाही. पण अशाच एका शिक्षा झालेल्याला कोणी शिव्याशाप दिले तेव्हा पैगंबरांनी (स.) ते थांबवले, असे हदीसमध्ये आहे. शिक्षा तिथे संपत होती आणि माणूस जमातीत परत येत होता. आमच्या विद्यार्थ्याची शिक्षा अजून चालूच आहे.

पोर्तुगालने 2001 मध्ये दुसरी वाट धरली. तिथे साधारण दहा दिवसांपुरता माल बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. विक्री गुन्हाच आहे. पकडलेल्या माणसाला कोर्टाऐवजी एका छोट्या समितीपुढे नेतात, तिथे वकील-डॉक्टर-समाजसेवक असतात. सुईने नशा करणाऱ्यांत एचआयव्हीची नवी लागण झपाट्याने खाली आली. व्यसन नाहीसे झाले, असे मात्र कोणी म्हणत नाही.

आपल्याकडेही बी आहे. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले, तिथे व्यसनी हा रुग्ण मानला गेला. एनडीपीएसचे 64-अ कलमही स्वेच्छेने उपचार घेणाऱ्याला खटल्यातून सूट देते. पण मोहल्ल्यात हे कलम कोणाला माहीत आहे? सूट मिळण्याआधी कोर्टाची पायरी चढावी लागते, हीच मेख आहे. म्हणून सेवन आणि स्वतःपुरती पुडी या दोन्ही गोष्टी फौजदारीतून काढाव्यात. गांजा परवान्याखाली, वयाची अट घालून सरकारने हाती घ्यावा. गर्दचे दुकान मात्र आम्हाला नको. तिथे डॉक्टर हवा आणि गर्दऐवजी मोजून औषध देणारे केंद्र हवे. अशी काही केंद्रे आज चालू आहेत, ती आमच्या वस्तीपर्यंत यावीत.

मागच्या महिन्यात नववीतल्या एका मुलाची आई शाळेत आली. दप्तरात पुडी सापडली होती, ती तिने रुमालात बांधून आणली होती. रडत नव्हती. खुर्चीवर बसायच्या आधी तिने दाराकडे पाहिले आणि विचारले, "सर, बात पुलिस तक तो नहीं जायेगी ना?"

आम्ही उठून दार लावून घेतले आणि मुलाला बोलावून घेतले.