मापकाची शुद्धि

स्वच्छता कोणासाठीं करावयाची, पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठीं कीं वस्तूच्या कार्यासाठीं, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. जुन्या विद्युन्मापकांच्या बाबतींत मात्र तो टाळतां येत नाहीं, म्हणून आम्ही तेंच उदाहरण घेतों.

विजेचा प्रवाह, दाब व रोध हीं तिन्ही एकाच यंत्रानें मोजतां यावीं म्हणून इंग्लंडांतील टपाल खात्याचे अभियंते डोनल्ड मॅकेडी यांनीं १९२३ सालीं 'ॲव्होमीटर' पुढें आणला. त्याचा आठवा नमुना १९५१ पासून २००८ पर्यंत तयार होत होता. प्रवाह व दाब मोजण्यास लागणारी शक्ति हें यंत्र मोजावयाच्या मंडलांतूनच घेतें. घटाची, म्हणजे आपल्या नेहमींच्या सेलची, गरज केवळ रोध मोजतांना पडते. म्हणून सेल संपला तरी कांटा फिरतच राहतो, आणि आंत काय चाललें आहे हें वर्षानुवर्षें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

साध्या सेलमध्यें जस्ताचें भांडें हें नुसतें पात्र नव्हे. तें त्या क्रियेंतलें सरपणच आहे. वापरानें तें झिजतें, पडून राहूनही झिजतें, आणि शेवटीं भोंक पडून नवसागराचा आम्लधर्मी द्रव बाहेर येतो. अल्कलीच्या सेलमधून दाहक पोटॅश पाझरतें व हवेंतील कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा पांढरा थर जमतो. घाईच्या नजरेला दोन्ही डाग सारखेच. उपाय मात्र उलट. अल्कलीवर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाचे थेंब चालतात. नवसागरावर तेच घालणें म्हणजे आम्लांत आम्लाची भर. तेथें खाण्याच्या सोड्याचें सौम्य पाणी हवें. मागाहून दोहोंसही ओलसर फडकें, मग अल्कोहोल, आणि पुरतें वाळवणें. अर्थात् हातमोजे घालूनच.

उत्साही माणूस येथें कांचकागद काढतो. पट्टी चकचकीत होते खरी, पण गंजाबरोबर निकेलचा मुलामाही निघून जातो व उघडी पडलेली धातु पुढें अधिकच लवकर गंजते. मलिनतेइतकाच तिचा तिटकाराही विध्वंसक असूं शकतो.

पण खरी गोम निराळीच आहे. रोध मोजण्यापूर्वीं दोन्ही तारांचीं टोकें जोडून एका खुंटीनें कांटा शून्यावर आणतात. गंजलेल्या पट्टीचा स्वतःचा रोध त्या खुंटीनें झांकला जातो! शून्य बिनचूक दिसतें, मधले आकडे मात्र ढळलेले असतात. लहान रोधाच्या मापनांत तर सदोष तार बरी भासूं शकते. दुसऱ्याचा दोष सांगणें हेंच ज्याचें काम, त्याचा स्वतःचा दोष असा लपतो. म्हणून सेलची पेटी तेवढी पुसून, वेष्टनाखालीं हिरवी पडलेली तांब्याची तार तशीच ठेवून असें यंत्र विकणें, हें आम्ही अप्रामाणिक समजतों. शोभेची वस्तु आहे, तिला कोण वापरतो, असें कोणी म्हणेल. पण पुढच्या मालकानें तिच्यावर भरंवसा ठेवून घरांतली भूमितार तपासली तर?

पेटीच्या रंगावरचा डाग राहिला तर राहूं द्यावा. तो कांहीं मोजीत नाहीं. तार बदलावी, माहीत असलेल्या रोधाशीं माप ताडून पाहावें, आणि काय बदललें, केव्हां बदललें, हें एका चिठ्ठीवर लिहून ती यंत्राच्या पाठीस चिकटवावी. चिठ्ठीमुळें किंमत थोडी उतरेल, उतरूं द्यावी.