सुटलेले गाव आणि न सुटलेले मन

स्थान सुटले म्हणजे स्थानाची आसक्तीही सुटली काय? हा प्रश्न साधकाला नित्याचा आहे. इंदापूर तालुक्यात तो संसारी जनांपुढेही उभा राहिला. बारामतीकडे नीरा डावा कालवा आला तेव्हा शेतांचे रूप पालटले, पण गावे जागेवर राहिली. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले तेव्हा मात्र नदीकाठची गावेच जलाशयाखाली गेली. जुने पळसदेव त्यांपैकी एक. लोक वर येऊन वसले. तथापि एखाद्या उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की तेथील पळसनाथाचे प्राचीन मंदिर पुन्हा उघडे पडते.

मनाचेही असेच आहे, असे स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग (१८७५–१९६१) यांच्या विचारावरून म्हणता येते. १९०९ साली त्यांना एक स्वप्न पडले. एका घराच्या वरच्या मजल्यावरून ते खाली उतरत गेले, तो प्रत्येक पायरीगणिक काळ जुना होत गेला. अखेरीस एका आदिम गुहेत त्यांना मानवी कवट्या दिसल्या. वैयक्तिक नेणिवेखाली सर्व मानवजातीची सामूहिक नेणीव आहे आणि तीत माता, वीर, ज्ञानवृद्ध असे आदिबंध वसतात, असे त्यांनी पुढे प्रतिपादिले. ‘छाया’ हाही असाच एक आदिबंध. मनुष्य स्वतःतील जो दोष मान्य करीत नाही, तो त्याला दुसऱ्यात दिसू लागतो आणि तो त्या दुसऱ्याचा द्वेष करू लागतो.

आचारधर्मात स्वदेश, स्वग्राम व आप्तसंबंध यांचा त्याग सांगितला आहे. मग विस्थापिताचा त्याग आपोआपच घडला असे म्हणावे काय? तसे म्हणणे निर्दयपणाचे होय. जे हिरावले गेले ते त्यागिले गेले नाही. गाव हे मातेचेच रूप. तिच्या वियोगाने रडणाऱ्यास वैराग्य सांगू नये, त्याचे दुःख ऐकावे. उलट अनुसरलेल्याने स्वतःस विचारावे की, घर सोडले, परंतु आश्रमातील जागा, पंक्तीतील मान, गुरुबंधूविषयीचा मत्सर यांच्या रूपाने तेच घर पुन्हा उभे राहिले नाही ना? पाणी ओसरले की बुडालेले दिसतेच.

येथवर युंगांचा विचार उपकारक आहे. पुढे वाट वेगळी होते. त्यांच्या मते मनाच्या तळाशीच पूर्णत्वाचे बीज असून, शुभ व अशुभ या दोहोंना ओळखून सामावून घेतल्याने व्यक्ती पूर्ण होते. शास्त्रदृष्टीने जीव अनादी अविद्येने बद्ध आहे. तो आपल्याच तळाशी कितीही उतरला तरी तेथे त्यास बंधाचे ज्ञान होईल, मोक्ष लाभणार नाही. मोक्ष परमेश्वराधीन आहे. म्हणून दोषाचे दर्शन हा शेवट नव्हे, ती अनुतापाची सुरुवात होय. आपल्यात काय बुडाले आहे हे ज्याने पाहिलेच नाही, तो अनुताप तरी कशाचा करणार? साधक असो वा वासनिक, त्याने प्रथम आपला जलाशय ओसरू द्यावा. मग जे दिसेल ते दुसऱ्याच्या माथी न मारता परमेश्वरापुढे ठेवावे.