पुरातन ख्रिस्तमंदिरे आणि परक्याचे अनुदान

जुन्या वास्तूची सेवा वृद्ध माणसाच्या सेवेसारखी असते. जिव्हाळा सर्वांनाच असतो. पण औषधपाण्याचा खर्च कोणी करायचा, हा विषय निघाला की घरातील माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. दोनतीनशे वर्षांच्या ख्रिस्तमंदिराचे छप्पर गळू लागते, तुळयांना वाळवी लागते, भिंतीचा चुना फुगून खाली येतो. अशा वेळी धर्मग्रामाच्या सभेत तीन मते हमखास ऐकू येतात. पहिले मत असे, की जुने पाडावे व नवे प्रशस्त मंदिर बांधावे. दुसरे असे, की आपसांत वर्गणी काढून जमेल तेवढी डागडुजी करावी. तिसरे मत अलीकडच्या काळातले : शासनाकडे, एखाद्या न्यासाकडे किंवा परदेशी प्रतिष्ठानाकडे अनुदानासाठी अर्ज करावा.

पहिल्या दोन मतांवर आपल्या समाजात पुष्कळ चर्चा झाली आहे. तिसऱ्याचा विचार आपण बहुधा व्यवहाराच्या अंगानेच करतो. अर्ज कोठे मिळतो, मुदत केव्हा संपते, ओळख कोणाची आहे, एवढ्यावर आपण थांबतो. परंतु त्यामागे एक नैतिक प्रश्न आहे. ज्या मंदिराला आपण 'आमचे' म्हणतो, त्यासाठी परक्याचा पैसा मागण्याचा आपणांस अधिकार आहे काय? आणि मागितला, तर आपण त्याचे काय देणे लागतो?

प्रश्न नवा नाही. जुन्या करारात त्याची दोन उत्तरे आढळतात आणि ती वरवर परस्परविरोधी आहेत. बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमचे मंदिर पुन्हा उभारू लागले, तेव्हा तेथील काही लोकांनी बांधकामात सहभागी होण्याची तयारी दाखवली. जरुब्बाबेल व त्याचे सहकारी यांनी ती स्पष्टपणे नाकारली. पुढे त्याच मंदिराचा खर्च सरकारी महसुलातून देण्याचा हुकूम दारयावेश राजाने काढला. बदल्यात राजाच्या व राजपुत्रांच्या आयुष्यासाठी प्रार्थना व्हावी, एवढीच त्याची अपेक्षा होती. ते साहाय्य मात्र स्वीकारले गेले. नकार परकेपणाला नव्हता, त्या साहाय्यामागील हेतूला होता, असे आम्हांस वाटते. राजाची अट मंदिराच्या स्वभावाशी जुळणारी होती. दुसऱ्या साहाय्यातून मंदिराच्या कारभारात विरोधकांचा शिरकाव झाला असता.

नहेम्याने तर स्वतःहून मागणी केली. अर्तहशश्त राजाने त्याची इच्छा विचारताच त्याने मनोमन प्रार्थना केली. मग मुदत सांगून रजा, वाटेतील अधिकाऱ्यांच्या नावे पत्रे आणि राजाच्या वनाचा रक्षक आसाफ याच्याकडून तुळयांसाठी लाकूड, अशा मोजक्या व नेमक्या गोष्टी मागितल्या. अनुदानाच्या अर्जाचा याहून चांगला नमुना सापडणे कठीण! परंतु त्याच ग्रंथाचा पुढचा अध्याय सांगतो, की कोटाची भिंत लोकांनीच उभी केली. कित्येकांनी तर आपापल्या घरासमोरचा भाग अंगावर घेतला. लाकूड राजाचे होते, हात लोकांचे होते.

आजचा अर्जही याच गोष्टी निराळ्या शब्दांत विचारतो. वास्तूचे महत्त्व काय? तिची सध्याची स्थिती काय? दुरुस्ती कोणत्या पद्धतीने होणार? तुमचा स्वतःचा वाटा किती? काम झाल्यावर देखभाल कोण करणार? आणि इतरांना ती वास्तू पाहता येईल काय? पैसाही बहुधा एकरकमी हाती पडत नाही. झालेल्या कामाची मोजणी होऊन हप्त्याहप्त्याने मिळतो. पुष्कळांना ही कटकट वाटते. आम्हांस मात्र ती उपकारक शिस्त वाटते, कारण हेतू चांगला असूनही अज्ञानाने केलेली दुरुस्ती वास्तूचा जीव घेऊ शकते. चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की आतली ओल आतच कोंडते आणि दगड कुजू लागतो. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, हे जुन्या गवंड्यांना ठाऊक होते.

देणाऱ्यालाही हे ज्ञान असतेच असे नाही. जुन्या गोव्यातील बॉम जेजू बॅसिलिकेचे उदाहरण सर्वांनी लक्षात ठेवावे. १५९४ साली बांधकामास आरंभ होऊन १६०५ मध्ये अभिषेक झालेली ही वास्तू, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांमुळे जगप्रसिद्ध आहे. १९५० च्या दशकात पोर्तुगीज राजवटीत, वास्तू अधिक पुरातन दिसावी या समजुतीने तिच्या बाहेरील भिंतींचा चुन्याचा गिलावा काढून टाकण्यात आला. आतला जांभा दगड उघडा पडला आणि तेव्हापासून प्रत्येक पावसाळा त्याची झीज करीत आला आहे. १९८६ साली जुन्या गोव्यातील चर्चेस व मठ जागतिक वारशाच्या यादीत आले. तरी उघड्या जांभ्याचे दुखणे कायम राहिले. ज्याच्या हाती पैसा असतो त्याच्या अभिरुचीनुसार वास्तूचे रूप ठरते. म्हणून अनुदान घेणाऱ्याला नम्रतेबरोबरच 'नाही' म्हणण्याचे धैर्यही हवे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हिंदू, मुस्लिम, ज्यू, पारशी, बौद्ध अशा सर्व करदात्यांच्या पैशातून ख्रिस्तमंदिराची डागडुजी करणे न्याय्य आहे काय? आपल्या राज्यघटनेचा २७ वा अनुच्छेद सांगतो, की ज्या कराचे उत्पन्न विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी वा देखभालीसाठी खास राखून ठेवले असेल, तो कर देण्याची कोणावरही सक्ती करता येणार नाही. गुजरातमध्ये २००२ च्या दंगलीत हानी झालेल्या धर्मस्थळांच्या दुरुस्तीचा भार शासनाने उचलावा, असा आदेश तेथील उच्च न्यायालयाने २०१२ साली दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये तो रद्द केला आणि ५०,००० रुपयांच्या मर्यादेतील सानुग्रह साहाय्याची राज्य शासनाची योजना मान्य केली. दुसरीकडे, १९५८ च्या पुरातन स्मारकविषयक कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या धर्मवास्तूंची देखभाल केंद्र शासन करते आणि तेथील रूढ उपासनेलाही मुभा आहे. म्हणजे आपला कायदा धर्मासाठी पैसा देणे आणि वारशासाठी पैसा देणे यांत एक रेषा ओढतो. ती रेषा सदैव ठळक दिसेलच असे नाही.

अमेरिकेत याच रेषेवरून मोठे वाद झाले. न्यू जर्सी राज्यातील मॉरिस काउंटीने २०१२ ते २०१५ या काळात ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी असलेल्या निधीतून १२ चर्चना ४६ लक्ष डॉलर दिले. कोणालाही उपासनास्थळांचा खर्च उचलायला लावू नये, हे तेथील तत्त्व १७७६ च्या राज्यघटनेपासून चालत आलेले. त्याचा आधार घेऊन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये ही अनुदाने घटनाबाह्य ठरवली. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्यात ॲक्टन गावच्या चर्चच्या रंगीत काचांच्या खिडक्यांसाठी मंजूर झालेल्या अनुदानास न्यायालयाने मनाई केली. त्या काचांवर धार्मिक चित्रे होती. शिवाय चर्चने अर्जात आपली आर्थिक ओढाताण मोकळेपणाने लिहिली होती. दुरुस्तीचा खर्च वाचला की तो पैसा उपासनेकडेच वळणार, हेही न्यायालयाने ध्यानात घेतले.

या दुसऱ्या प्रकरणात एक अवघड शिकवण आहे. खिडक्यांवरील चित्रांविषयी मौन पाळले असते, केवळ काचकामाचे कौतुक लिहिले असते, तर अनुदान टिकले असते काय? ठाऊक नाही, पण असा मोह प्रत्येक अर्जदाराला होतो. वेदीला 'स्थापत्यघटक' म्हणायचे, संताच्या मूर्तीला 'काष्ठशिल्प' म्हणायचे आणि तेथे रोज मिस्सा होते, हे सांगायचेच नाही. यांतील प्रत्येक शब्द खरा असतो आणि एकंदर कथन खोटे असते. आम्हांस वाटते, की ज्या अर्जात मंदिराचे मंदिरपण लपवावे लागते, तो अर्ज आपण करू नये. हे देवाचे घर आहे, येथे लोक प्रार्थना करतात आणि त्याच वेळी ही साऱ्या गावाची ठेव आहे, असे आपण दोन्ही अंगांनी लिहावे. मग देणाऱ्याने द्यावे वा नाकारावे.

ही साऱ्या गावाची ठेव आहे, हे विधान पोकळ नाही. गोव्यातील जुन्या चर्चच्या कोरीवकामात स्थानिक सुतार-शिल्पींचा हात सहज ओळखू येतो. परंतु वास्तूचे महत्त्व लिहिताना इतिहासाचे गैरसोयीचे पानही उलटावे लागते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी गोव्यात देवळे पाडली, हे नोंदलेले सत्य आहे. २०२२ साली गोवा शासनाने पोर्तुगीज काळात उद्ध्वस्त झालेल्या देवळांसाठी अर्थसंकल्पात २० कोटी रुपयांची तरतूद केली, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. उभी असलेली वास्तू जपणे आणि नाहीशी झालेली नव्याने उभारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे म्हणणे रास्त आहे. तथापि शेजाऱ्याची वेदना अमान्य करून त्याच्याच करातून आपल्या वारशासाठी मागणे शोभत नाही. जी फूटपट्टी आपण आपल्या चर्चला लावतो, तीच शेजारच्या देवळाला, दर्ग्याला, सिनेगॉगला लागावी, असे आपण मनापासून म्हणू शकलो, तरच आपली मागणी न्यायाची ठरते.

आपल्या महाराष्ट्रात हा विवेक पूर्वीही होता. अहिल्याबाई होळकरांनी देशभर देवळे, घाट, धर्मशाळा बांधल्या, त्या राज्याच्या खजिन्यातून नव्हे, तर आपल्या खासगीच्या उत्पन्नातून. कोणता पैसा कोणत्या कामाचा, याचे भान त्यांना होते.

घेतल्यानंतरचे देणे कोणते? आमच्या मते पहिले देणे उघड्या दाराचे. पॅरिसचे नोत्र दाम कॅथीड्रल १५ एप्रिल २०१९ रोजी आगीत सापडले. १५० देशांतील सुमारे ३ लक्ष ४० हजार दात्यांनी मिळून ८४ कोटी युरोंहून अधिक रक्कम दिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याची दारे पुन्हा उघडली. १९०५ च्या कायद्यापासून ही वास्तू फ्रेंच शासनाच्या मालकीची. उपासनेसाठी ती ख्रिस्तसभेकडे आहे. उद्घाटनाआधी सांस्कृतिक खात्याच्या मंत्र्यांनी सुचवले, की पर्यटकांकडून ५ युरो घ्यावेत व ते देशातील धार्मिक वारशाच्या जतनास लावावेत. पॅरिसच्या धर्मप्रांताने प्रवेश विनामूल्यच राहील, अशी भूमिका घेतली. येथे दोन्ही बाजूंचा हेतू चांगला होता. तरी आम्हांस धर्मप्रांताची बाजू अधिक सयुक्तिक वाटते. दारावर पैसे घेतले की यात्रेकरू कोण व पर्यटक कोण, हे द्वारपालाला ठरवावे लागते, आणि ते ठरवण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? परक्याच्या पैशाने उभ्या राहिलेल्या मंदिरात परक्याला संकोचाने उभे राहावे लागू नये. तो प्रार्थना करील किंवा नुसता पाहील.

दुसरे देणे नित्य देखभालीचे, आणि ते खरे तर अर्जाच्या आधीचे आहे. यहोआश राजाच्या काळात मंदिराची भगदाडे तशीच राहिली होती. त्याच्या कारकिर्दीच्या तेविसाव्या वर्षापर्यंत याजकांनी ती बुजवली नव्हती. तेव्हा यहोयादा याजकाने एका पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली आणि त्या पैशातून सुतार-गवंड्यांची मजुरी भागवली. आपल्याकडेही अशी एक पेटी केवळ डागडुजीसाठी असावी. पावसाळ्यापूर्वी कौले चाळणे, पन्हळी साफ करणे, भिंतीत रुजलेले पिंपळाचे रोप वेळीच उपटणे, यांसाठी कोणतेही प्रतिष्ठान अनुदान देत नाही आणि देऊही नये. ते घरच्या माणसांचे काम आहे. दहा वर्षे पन्हळ न काढता अकराव्या वर्षी छपरासाठी लाखो रुपये मागणे, ही गरिबी नव्हे, हयगय आहे.

वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेज्वीट अशा संघांच्या मंदिरांचे अवशेष उभे आहेत. १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकल्यानंतर तेथील पोर्तुगीज वस्ती उठली आणि मंदिरे ओस पडली. आज ते अवशेष पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत. तेथे शासनाचा पैसा नसता तर उरले आहे तेवढेही कदाचित उरले नसते, म्हणून त्याविषयी कृतज्ञ असावे. पण हेही पाहावे, की तेथे देखभाल होते ती पहारेकऱ्याकडून. कौले चाळणारे धर्मग्राम तेथे नाही. आपल्या गावातील जुन्या मंदिराला अजून माणसे आहेत. अनुदान दगडाला मिळू शकेल. माणसांची जागा ते भरून काढणार नाही.

तेव्हा अर्जावर सही करण्यापूर्वी धर्मग्रामाच्या सभेत काही गोष्टी मोठ्याने विचारल्या जाव्यात. आपला वाटा जमला आहे काय? जे लिहिले ते सर्व खरे आहे काय? देणारा उद्या दारात उभा राहिला, तर त्याला आनंदाने आत घेऊ काय? आणि अनुदान नाकारले गेले, तरी येत्या मे महिन्यात कौले चाळायला शिडी घेऊन कोण येणार आहे? शेवटच्या प्रश्नाला दहा हात वर झाले, तर तो अर्ज खुशाल पाठवावा.