कच्चे मडके

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे नामदेवांचे गाव, आणि त्यांना गुरू लाभले ते जवळच्याच औंढा नागनाथला, अशी परंपरा आहे. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतमंडळींची डोकी पारखली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरविले, ही कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. प्रत्यक्ष विठ्ठल ज्याच्याशी बोलतो, त्याने पुन्हा कोणाकडे शिकायला जावे? नामदेवांना राग आला. तरी ते विसोबा खेचरांकडे गेले.

आज हाच प्रश्न वैद्यकाच्या दारी उभा आहे. महाराष्ट्रात डॉक्टरांना दर 5 वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी शिक्षणाचे 30 गुण मिळवावे लागतात. पुष्कळांना हा अपमान वाटतो. एकदा पदवी घेतली, हजारो रोगी तपासले. आता पोरांसारखे वर्गात काय म्हणून बसायचे? शिवाय तालुक्याच्या डॉक्टरने दवाखाना बंद ठेवून व्याख्यानाला जायचे, तर त्या दिवशी दमेकऱ्याने कोणाचे दार ठोठवायचे? ही तक्रार खोटी नाही.

पण श्वासाचेच उदाहरण घ्या. फुफ्फुसे सुजून निकामी होऊ लागली, की रोग्याला यंत्राने श्वास द्यावा लागतो. पूर्वी तो भरपूर देत. 2000 साली अमेरिकेत 861 रोग्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. उंचीवरून ठरणाऱ्या वजनाच्या दर किलोमागे 12 मिलिलिटर हवा मिळालेल्यांपैकी शेकडा सुमारे 40 दगावले. 6 मिलिलिटर मिळालेल्यांपैकी 31. भरभरून दिलेला श्वासच नाजूक फुफ्फुसांना ताणून इजा करीत होता!

हात तेच, दयाही तीच. विद्या मात्र अपुरी होती. तोवर हे पुरते सिद्ध झाले नव्हते, म्हणून आधीच्यांना दोष देता येत नाही. परंतु त्यानंतर ज्याने पुस्तक उघडलेच नाही, त्याच्या सद्हेतूची काय किंमत करायची? घशात नळी असलेला रोगी विचारू शकत नाही, ‘डॉक्टरसाहेब, हे तुम्ही केव्हा शिकलात?’ त्याच्या वतीने ते कोणीतरी विचारायलाच हवे. नूतनीकरणाची सक्ती मला मान्य आहे ती एवढ्याचसाठी.

अर्थात गुणांची बेरीज म्हणजे गोरोबांचे थापटणे नव्हे. हजेरीपटावर सही ठोकून, चहा पिऊन परतणाऱ्याची बेरीज पुरी होते. रात्री जागून वाचणाऱ्याचे जागरण कुठल्या पटावर चढत नाही. कायदा माणसाला वर्गात नेऊन बसवील. आपण कच्चे आहोत, हे मनात उमजणे ज्याचे त्याच्याकडेच राहते.

थोडा वाटा आपलाही आहे. डॉक्टरांच्या दारावर ‘शिबिरासाठी आज दवाखाना बंद’ अशी पाटी दिसली, की आपण कुरकुरतो. तातडीच्या रोग्याची सोय त्यांनी करून ठेवलेली असावी, एवढे जरूर पाहावे. ती असेल, तर आपल्या सर्दीखोकल्याने एक दिवस थांबायला काय हरकत आहे?